जुन्या क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा कोणत्या लावाव्यात? (वेंगुर्ला, खारी हवा)

सुरंगी (वेंगुर्ला), २४ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझ्या मामांची क्लासिकल गिटार गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. मामा गिरगावात राहायचे. १९७४ मध्ये त्यांनी ती कोरी घेतली होती. आत चिकटवलेल्या कागदावरून जपानी बनावटीची आहे एवढं कळतं, बाकी अक्षरं पुसट झाली आहेत. मामा गेल्यावर मामींनी ती कपाटावर पेटीत ठेवून दिली होती. "तू वाजवशील म्हणून ठेवली," म्हणाल्या.

पेटी उघडली तर जाड तीन तारा काळ्या पडलेल्या, सहाव्या तारेवर हिरवट थर. वरच्या तीन पिवळसर. मला कॉलेजात थोडं शिकवलं होतं, आता मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिलाही शिकायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. दहाएक वर्षांपूर्वी मामांनी ती शहरातल्या एका दुकानात तारा बदलायला दिली होती. तिथं त्यावर स्टीलच्या तारा चढवल्या. मामांच्या तीन आठवड्यांनी लक्षात आलं की ब्रिज (तारा जिथं बांधतात ती फळीवरची लाकडी पट्टी) मागून उचलला जातोय. त्यांनी लगेच उतरवल्या, पण त्यानंतर ती फारशी वाजलीच नाही. अजूनही त्याचा त्रास होतो मला. इतकी वर्षं जपलेलं वाद्य, आणि विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

आता ऑनलाइन पाहिलं तर लाइट, नॉर्मल, हार्ड, कार्बन, रेक्टिफाइड असे इतके प्रकार आहेत की डोकं चालत नाही. कोणत्या घेऊ?

मांडवी (रत्नागिरी), २४ एप्रिल

सुरंगीताई, धाग्यावर स्वागत. आधी एक विनंती, आज काहीही मागवू नका. तारा कोणत्या हे गिटारच सांगेल, तिला आधी नीट बघू या.

व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कार्ड आत जात असेल तर गोंद सुटला आहे. तसं असेल तर तारांचा विचार नंतर, आधी दुरुस्ती. तोवर आहेत त्या तारा दोन-दोन सूर खाली ढिल्या करून ठेवा.

मग नटपासून (खुंट्यांच्या बाजूची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) अंतर मोजा आणि दुप्पट करा. ती तुमच्या गिटारची स्केल लांबी. आजकाल ६५० मिमी सर्वमान्य आहे, एकोणिसाव्या शतकात स्पेनचे गिटार बनवणारे तोरेस यांनी जो नमुना घडवला त्यातूनच ती रुळली. पण १९६०-७० च्या दशकात ६६० किंवा ६६४ मिमीच्याही बऱ्याच गिटारी बनल्या. हा फरक तारांच्या निवडीत येतो.

बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे तेही कळवा, पहिली आणि सहावी दोन्ही. आणि मधल्या भोकातून टॉर्च व छोटा आरसा घालून आतल्या पट्ट्या पाहा. बोटाच्या पेराने वरची फळी हलकेच ठोका. कुठे खडखडलं तर ती पट्टी सुटलेली.

आणि स्टीलबद्दल, इथं नवीन वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ओढा साधारण ३८ ते ४० किलो असतो. नेहमीच्या लाइट स्टील संचाचा ७० किलोच्या घरात. क्लासिकल गिटारची फळी पातळ, आतल्या पट्ट्या पंख्यासारख्या नाजूक. जवळजवळ दुप्पट भार तिने सहन करायचा कसा?

दर्याकाठ (रेवदंडा), २५ एप्रिल

जुनी गिटार आहे तर मूळ पद्धतीच्या आतड्याच्या तारा लावता येतील का? जुन्या वाद्याला जुनीच तार शोभते असं मला वाटतं. लाकडाचा स्वभाव त्याच तारांवर घडलेला असतो.

बकुळ (दापोली), २५ एप्रिल

दर्याकाठ, तुमची भावना समजते, पण ही गिटार १९७४ ची आहे. तोपर्यंत आतड्याच्या तारा मागे पडून पंचवीसएक वर्षं झाली होती.

ड्युपॉन्ट कंपनीने नायलॉन १९३८ मध्ये जाहीर केलं. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांचा तुटवडा पडला, कारण शस्त्रक्रियेच्या टाक्यांना तेच आतडं लागायचं. न्यूयॉर्कमध्ये वाद्यं बनवणारे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, स्पेनचे नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांना त्या पटल्या आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी त्या बाजारात आल्या. सेगोव्हिया स्वतः आतड्याच्या तारांवर वाढलेले, त्यांनी ती बदलली म्हटल्यावर जग बदललं. त्यामुळे मामांच्या गिटारने जन्मापासून नायलॉनच पाहिलं आहे.

शिवाय आपल्या हवेत आतडं टिकणं कठीण. ओलावा पितं, फुगतं, तंतू सुटतात. जूनमध्ये लावली तर जुलैत उसवलेली दिसेल. आतड्याच्या सुराची खरोखर ओढ असेल तर इटलीतल्या अक्विला कंपनीच्या नायलगट तारा पाहा. कृत्रिमच आहेत, पण घनता आतड्याजवळची ठेवलेली आहे. माझ्या लहान गिटारवर त्या आहेत. दिसायला पांढऱ्या, हाताला जरा खरखरीत, आवाज मोकळा. पहिले काही दिवस मात्र फार ताणतात.

सुरंगी, २७ एप्रिल

मोजमापं घेतली. मुलीने टॉर्च धरला.

नट ते बारावा फ्रेट ३३० मिमी, म्हणजे स्केल ६६०. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ४.८ मिमी, पहिली ४ मिमी. कार्ड ब्रिजखाली सहाव्या तारेच्या बाजूने बोटाच्या रुंदीएवढं आत जातं, दुसऱ्या बाजूने नाही. ठोकल्यावर खालच्या बाजूला एका ठिकाणी बारीक खर्र असा आवाज येतो. ब्रिजच्या मागे फळी थोडी फुगीर दिसते. ही फुगी बघून पोटात गोळा आला.

मांडवी, २७ एप्रिल

फुगीबद्दल आधी धीर देतो. नायलॉनच्या गिटारची फळी ब्रिजमागे जराशी वर असणं स्वाभाविक आहे, पन्नास वर्षांच्या वाद्यात तर असतेच. ती वाढत नाही ना हे पाहायचं. कडेला स्टीलची पट्टी उभी धरून आज फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा.

ब्रिज आणि ती खर्र करणारी पट्टी मात्र दुरुस्त करावीच लागेल. फेविकॉल भरून वरून दगड ठेवू नका, हात जोडून सांगतो. जुना गोंद पूर्ण खरवडल्याशिवाय नवा लाकडाला धरतच नाही.

आता हिशेब. तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६५० च्या जागी ६६० म्हणजे तीन टक्के जास्त. पाकिटावरचे आकडे ६५० साठीच छापलेले असतात. म्हणजे ३९ किलोचा मध्यम संच तुमच्या गिटारवर ४० च्या वर ओढणार. एरवी हे चाललं असतं, पण एकदा उपटलेला ब्रिज आणि आधीच ४.८ ची उंची पाहता माझं मत स्पष्ट आहे: हलक्या ताणाचा संच. डॅडारिओच्या प्रो-आर्तेमध्ये ईजे ४३ हलका, ४५ मध्यम, ४६ जड. ऑगस्टीनच्या क्लासिकमध्ये काळं पाकीट हलकं, लाल मध्यम, निळं जड. हानाबाखमध्येही रंगांवरून कळतं. पण "लाइट", "नॉर्मल" या शब्दांचं कोणतंही ठरलेलं माप नाही, एका कंपनीचं मध्यम दुसरीच्या जडाएवढं असू शकतं. पाकिटामागचे किलोचे आकडे वाचा, नाव वाचू नका.

अजून एक सोपी युक्ती. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावल्या तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की सूर नेहमीचा, आणि मुलीच्या लहान बोटांना फ्रेटही जवळ येतात. दुरुस्तीनंतरचे पहिले दोन-तीन महिने असंच ठेवा.

पोफळी (म्हापसा), २८ एप्रिल

मांडवी यांच्याशी ब्रिजबद्दल पूर्ण सहमत, तारांबद्दल अर्धा.

हलका ताण म्हटला की लोक गिटारच्या तब्येतीचा विचार करतात आणि आवाज विसरतात. जुन्या जपानी गिटारींची तिसरी तार, म्हणजे 'जी' (G) सुराची, अनेकदा बसकी वाजते. नायलॉनची तिसरी साधारण १ मिमी जाड. एवढी जाड साधी तार ताठ होते आणि "थप्प" वाजते, वरच्या फ्रेटवर सूरही चढतो. कार्बन, म्हणजे फ्लुओरोकार्बन, नायलॉनपेक्षा बराच जड पदार्थ, म्हणून त्याच सुराला तार ०.८ मिमीच्या आसपास पुरते. बारीक तार मोकळी वाजते. सावारेझच्या अलायन्स तारा मी बारा वर्षं वापरतो आहे. आणि कार्बन ओलावा जवळजवळ पीतच नाही, आपल्या पावसात हे किती मोठं सुख आहे ते किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळेल. नायलॉन पाणी पितं, सकाळी लावलेला सूर संध्याकाळी राहत नाही.

मांडवी, २८ एप्रिल

तिसऱ्या तारेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण पूर्ण कार्बन संच बहुतेक वेळा जास्त ताणाचा येतो, आणि आवाज उजळ, टोकदार. आधीच उजळ बोलणाऱ्या गिटारवर तो कानाला बोचतो. ताईंची गिटार कशी बोलते हे आपल्यापैकी कुणीच ऐकलेलं नाही. आधी साधा नायलॉन लावून तिचा स्वतःचा आवाज कळू दे. मग तिसरी खटकली तर तेवढीच एक कार्बनची घालता येते, सुटी मिळते.

पोफळी, २८ एप्रिल

हे मान्य. एकच सांगतो, बारीक तार नटच्या जुन्या खाचेत सैल बसू शकते. लावल्यावर बाजूला सरकते का ते पाहावं.

ताई, ब्रिजसाठी हवं तर इकडे या. म्हापशाला एक जण निगुतीने काम करतात, कळवतो.

तिठा (सावंतवाडी), २९ एप्रिल

मी गिटारवाला नाही, सतार वाजवतो, तरी लिहितो. मिरजेच्या कारागिरांकडे माझी सतार जाते. हाडाच्या घोडीचं, म्हणजे तुमच्या ब्रिजचं, काम त्यांच्या हातात आहे, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिटारच्या आतल्या पट्ट्या हे वेगळं शास्त्र आहे, असं त्यांनीच मला मोकळेपणाने सांगितलं होतं. त्यामुळे ज्याने गिटारी उघडल्या आहेत त्याच्याकडेच द्या. आमची आजी म्हणायची, "तार तुटली तर दुसरी गावतली, घोडी उपटली तर काय करतलास?"

आणि नेताना गाडी उन्हात बंद करून जेवायला जाऊ नका. मे महिन्यात बंद गाडीतल्या उष्णतेने गोंद ढिला पडतो, वाद्याचा निम्मा नाश तिथं होतो.

सुरंगी, १९ मे

सर्वांना मनापासून धन्यवाद. गिटार काल घरी आली.

दुरुस्ती करणाऱ्यांनी ब्रिज पातळ गरम पात्याने पूर्ण सोडवला. खाली जुना गोंद पिवळ्या पापुद्र्यासारखा निघाला. तो खरवडून नव्याने बसवला, क्लॅम्प लावून दोन दिवस तसाच ठेवला. सुटलेली आतली पट्टीही बसवली. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) प्लास्टिकचं होतं, त्याच्या जागी हाडाचं घातलं आणि जरा उतरवलं. त्यांनी समजावलं की सॅडल २ मिमी घासलं तर बाराव्या फ्रेटवर १ मिमीच उतरतो, म्हणून घाई करायची नाही. आता सहावी ४.४, पहिली ३.६. अजून थोडी उंच आहे, पण पाऊस सरल्यावर पुन्हा बघू म्हणाले. फी सांगितली त्यापेक्षा जास्त द्यावीशी वाटली मला.

ऑगस्टीनचं काळं पाकीट घेतलं. स्वतः लावायला बसले. पहिली तार तीन वेळा सुटली! गाठ कशी मारायची?

बकुळ, १९ मे

जाड तारांना ब्रिजवर एक वेढा पुरतो, वरच्या तिन्हींना दोन-तीन द्यावे लागतात, नायलॉन गुळगुळीत असतं. शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबला गेला पाहिजे, वर राहिला तर गाठ सरकणारच. पहिल्या तारेचं टोक काडीच्या ज्योतीजवळ नेऊन बारीक मणी करून घ्या, मग ओवा. हे गिटारपासून लांब करा. आणि ब्रिजमागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. तार सुटली की चाबकासारखी फळीवर बसते आणि लाकडात कायमचा वण राहतो. माझ्या गिटारवर असे दोन आहेत, अजून डोळ्यांत सलतात.

चार-पाच दिवस सूर उतरत राहील, घाबरू नका. नायलॉन ताणून स्थिरावायला तेवढे दिवस घेतंच.

सुरंगी, २७ मे

जमलं! सूर आता एका दिवसात थोडासाच उतरतो. सूचनेप्रमाणे अर्धा सूर खाली आणि कॅपो.

आवाजाबद्दल काय लिहू. पाचवी-सहावी तार मऊ, खोल. पहिली-दुसरी गोड. मामा संध्याकाळी गॅलरीत बसून वाजवायचे तोच आवाज, आई दारात येऊन उभी राहिली. पोफळीदादा, तुमची तिसरी तारही तुम्ही म्हणालात तशीच आहे, बाकी सगळ्या बोलतात आणि ती एकटी गप्प.

आता पुढची काळजी. मृग जवळ आलं. घर समुद्रापासून दहा मिनिटांवर.

दर्याकाठ, २८ मे

यावर मी लिहू शकतो, आमच्या घरात दोन व्हायोलिन आणि एक गिटार पावसाळे काढतात.

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे आर्द्रतामापकाचा काटा ८५-९० वरून हलत नाही. लाकूड फुगतं, फळी वर येते, तारा उंच होतात. म्हणून पावसात सॅडल घासून उंची कमी करायची नाही, दिवाळीनंतर तारा फ्रेटवर खडखडतील.

आमचा जुना उपाय, लाकडी कपाटात खाली पिवळ्या उजेडाचा कमी वॅटचा जुना बल्ब. एलईडी नको, तो तापतच नाही. बल्ब वाद्यापासून हातभर लांब, समोर पत्र्याची आड. दिवसातून काही तास. वीज जाते तेव्हा पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. मापक आत ठेवा आणि ६० च्या आसपास आणता आलं तरी समाधान माना. पेटीच्या अस्तरावर बुरशी दिसली तर पेटी आधी उन्हात, वाद्य सावलीत.

तारांचं म्हणाल तर जाड तिन्हींचा गाभा नायलॉनच्या तंतूंचा आणि वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली. खाऱ्या वाऱ्यात मुलामा काळवंडतो, मग तांबं हिरवं पडतं, तुम्ही पाहिलंत तेच ते. वाजवण्याआधी हात धुवा, नंतर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसा. एवढ्याने दुप्पट टिकतात, हा माझा अनुभव. वरच्या तीन लवकर जात नाहीत, म्हणून नेहमी पूर्ण संच घेऊ नका, नुसता जाड तारांचा अर्धा संच मिळतो. आणि चौथी तार एक जादा घेऊन ठेवा. तिच्यावरची गुंडाळी सगळ्यात बारीक, फ्रेटवर घासून पहिल्यांदा तीच तुटते. जादा तारा हवाबंद डब्यात, स्वयंपाकघरात नको.

पोफळी, २८ मे

चौथ्या तारेबद्दल अगदी बरोबर. आणि तारा बदलताना एकेक बदला. सगळ्या एकदम काढून जुन्या फळीवरचा भार आठवडाभर शून्यावर नेऊ नका.

कार्बनची एक सुटी तिसरी मी पाठवतो ताई. माझ्याकडे दोन आहेत. हलक्या ताणाची निवडली आहे.

सुरंगी, २१ जुलै

जवळजवळ दोन महिन्यांनी लिहिते आहे. इथं सलग अकरा दिवस ऊन नव्हतं.

पोफळीदादांची तार १० जूनला लावली. खाचेत सैल बसत नाही, मी रोज पाहिलं. तिसरी आता बाकीच्यांबरोबर गाते. आधी वाटलं जरा जास्तच उजळ आहे, आठवड्याने कान रुळला. दुसरी नायलॉनची आणि तिसरी कार्बनची, यातला फरक मुलीने डोळे मिटून ओळखला, पण तिला तो आवडतो म्हणाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहावी तार ४.४ वरून ४.७ ला गेली. कपाटात बल्ब लावल्यावर, मापक ६२ वर आल्यावर, दहा दिवसांत ४.५. ब्रिजखाली कार्ड जात नाही, रोज बघते. पट्टी धरून काढलेला एप्रिलचा आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवले, फुगी तेवढीच आहे.

चौथी तार परवा तुटली, दुसऱ्या फ्रेटवर, सांगितलं होतं तशीच. डब्यात जादा होती, मुलीने स्वतः लावली. एकच वेढा, पुठ्ठा मागे ठेवून.

नारळी पौर्णिमेला मामी मुंबईहून येताहेत. मामांचं जे एक धुन मला अर्धवट आठवतं ते बसवते आहे, मधला भाग सापडत नाही. मामींना तो गुणगुणता येतो. त्या आल्या की त्यांच्याकडून घेईन.